चांगला पडलेला चेंडू

माझा मुलगा पायाने चेंडू ढकलतो आणि मग आभाळाकडे बघतो. आज गोल्फच्या मैदानात, पाचव्या भोकाच्या वाटेवर, डाव्या हाताच्या झाडीत, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चेंडू माझा होता. मीच मारलेला, वाकडा गेलेला, झाडाच्या मुळांत जाऊन बसलेला. "आई, तू तिकडून शोध, मी इकडून बघतो," तो म्हणाला, आणि मी तिकडून गेले. पण चष्म्यावर कोळ्याचं जाळं चिकटलं म्हणून थांबले, काच पुसली, वळले, आणि दोन बुंध्यांच्या मधून मला त्याचा पाय दिसला. नुसता पाय. बाकीचा माणूस झाडामागे होता. झोपलेलं मांजर वाटेतून सरकवावं तसं त्याने बुटाच्या टोकाने चेंडू मुळांतून अलगद बाहेर काढला, आणखी एकदा ढकलला, आखूड गवतावर आणून ठेवला, आणि मग साहेब झाडामागून बाहेर येऊन खिशात हात घालून वर बघत उभे राहिले, पाऊस येतोय का ते बघत असल्यासारखे. आभाळ कोरं होतं. "सापडला गं," त्याने हाक मारली. "नशीबवान आहेस. छान पडलाय."

मी काही बोलले नाही. मला ओळखणारे हे वाचून हसतील, कारण माझ्या तोंडाला आजवर कुणाला झाकण घालता आलेलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापकापासून वीज खात्याच्या साहेबापर्यंत सगळ्यांना मी त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सुनावलेलं आहे. पण आज नाही. मी चेंडूपाशी गेले. खरंच छान पडला होता. कोरड्या, आखूड गवतावर, चहूबाजूंनी मोकळा, मारा मला म्हणून वाट बघत असलेला. मी पाय रोवले आणि मारला. कुठे गेला ते आठवत नाही. "वा, आई," तो म्हणाला, म्हणजे बरा गेला असावा. मी काठी पिशवीत खोचली, दोन चाकांची ती पिशवी ओढत चालायला लागले, आणि डोक्यात तेवढेच दोन शब्द घुमत राहिले. छान पडलाय. वर्षभर मी ते ऐकत आलेय. झाडीत छान पडलाय, चरात छान पडलाय, उंच गवतात मी हताश होऊन पोचावं तर तिथेही बाहेरच्या कडेला छान पडलाय. मला वाटायचं, आयुष्यभर नशिबाने माझ्याशी जे हातचं राखून वागणं केलं, त्याची भरपाई आता ह्या हिरव्या मैदानावर करतंय. एकदा तर मी घरी येऊन सुनेला म्हटलंही होतं, "मी चेंडू मारते गं कसाही, पण पडतो मात्र शहाण्यासारखा." सून भाजी चिरत होती. ती हसली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं नवराबायकोचं काही असेल. आता ते हसणं माझ्या मानेवर येऊन बसलंय आणि हलत नाही.

ह्या खेळात मी आले तीच मुळी चेष्टा करत. आमचा शिवणाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, वर पत्रा, खाली मशिनींच्या दोन रांगा आणि टोकाला कटाईचं टेबल. इस्पितळाच्या नर्सा, शाळेची मुलं, बसचे कंडक्टर, ह्या गावातला निम्मा माणूस कधी ना कधी माझ्या हातच्या गणवेशात फिरलेला आहे. हे कापायचे आणि मी शिवून घ्यायची. हे गेले, आणि वर्षश्राद्धाआधीच आमच्या चिरंजीवांनी कारखाना बंद केला. "आई, आता आराम कर." आराम हा शब्द तो असा उच्चारतो, जसं काही तो कुठल्या दुकानातून बांधून आणलाय. मशिनी गेल्या त्या दिवशी मी खोलीत उभी होते. जमिनीवर मशिनींच्या पायांचे खळगे राहिले होते, चार-चारचे, आणि त्यांच्या मधे वर्षानुवर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेली फरशी. त्यानंतर मला भूक लागेनाशी झाली. हात मांडीवर ठेवला की तो आपोआप कापड सरकवल्यासारखा पुढे जायचा आणि पुढे काही नसायचं. डॉक्टर म्हणाले, चालायला न्या. म्हणून हा मला रविवारी त्याच्या क्लबात घेऊन जायला लागला. मी बाकावर बसायची आणि बघायची. शिकलीसवरलेली, पोटं सुटलेली माणसं गाड्या भरभरून येतात, आणि कशासाठी, तर एवढासा चेंडू काठीने मारत मारत भोकात घालायला. मी मुलाला म्हटलं, "ह्यांच्या घरी कुणी ह्यांना काही काम सांगत नाही का?"

मग एक दिवस त्याचा फोन आला, तो बोलत लांब गेला, आणि मी त्याच्या पिशवीतली एक काठी उपसली. कुणी बघत नव्हतं. समोर चेंडू ठेवलेला होता, आणि मी तो मारला, म्हणजे मारायला गेले. काठी हवेतून गेली आणि मी स्वतःभोवती फिरून बाकावर आदळले. चेंडू जागच्या जागी. तिथेच मी फसले. जन्मभर मी पळत्या सुईखाली कापड सरकवलं, एका मिनिटाला शेकडो टाके पडतात तिथे माझं बोट सुईपासून केसभर अंतरावर असायचं आणि कधी भोसकलं गेलं नाही, आणि हा मुका, निपचित पडलेला चेंडू, जो पळत नाही, चावत नाही, तो मला लागत नाही म्हणजे काय? मला राग आला. कारखाना गेल्यानंतर पहिल्यांदा कशाचा तरी नीट राग आला. त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा वाढून घेतलं.

क्लबात शिकवायला एक माणूस आहे, सगळे त्याला कोच म्हणतात, मी मास्तर म्हणते. त्याने मला आधी चार दिवस काठी नुसती धरायला लावली. "जोर लावू नका," तो म्हणायचा. "काठी तुम्ही फिरवू नका, ती फिरते आहे, तिला फिरू द्या." मला गंमत वाटली, कारण नव्या पोरींना मी हेच सांगायची, मशीन पळवू नका, मशीनला पळू द्या, तुम्ही फक्त वाट दाखवा. पण सांगणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. माझ्या खांद्यात, मनगटात, दातांत सगळीकडे जोर भरलेला. तळहाताला फोड आले, फुटले, त्याच जागी पुन्हा आले. साडी नेसून काठी फिरेना म्हणून मी दोन विजारी शिवल्या, घरच्या जुन्या मशिनीवर, गुडघ्यापाशी सैल आणि कमरेला घट्ट, आणि त्या घालून आरशात पाहिलं तर एक भलतीच बाई उभी होती, वाकड्या पायांची आणि ताठ मानेची. आणि मग एका सकाळी, का कोण जाणे, मी काही वेगळं केलं नव्हतं, काठी खाली आली आणि हाताला काही लागलंच नाही. हेच त्याचं लक्षण आहे. वाईट फटका कोपरापर्यंत झिणझिणत येतो, चांगला फटका हाताला कळतही नाही. धार लावलेली कात्री कापडातून पाण्यासारखी जाते, तसं. आवाज तेवढा आला, एक छोटासा, कोरडा, आणि मी मान वर केली तर चेंडू कुठल्या कुठे चढलेला, उन्हात ठिपका झालेला, आणि खाली यायचं नावच घेईना. मास्तरने टोपी काढून डोकं खाजवलं. मी त्याला म्हटलं, "हा मी मारला?" तो म्हणाला, "मग काय मी मारला?" त्या रात्री पडल्या पडल्या मी तो फटका परत परत मारत राहिले, आणि माझ्याच लक्षात आलं की मी हसतेय. हे गेल्यानंतरचं ते माझं पहिलं हसू. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

पण हा खेळ हलकट आहे. शिवण एकदा हाताला बसली की बसली, तापात असलात तरी काज सरळ पडतं. इथे काल आलेला हात आज गायब. चांगला आठवडा गेला की पुढच्या आठवड्यात चेंडू असा वाकडा पळणार, जसं काही त्याची-माझी ओळखच नाही. रोज सकाळी तो नव्याने मला अडाणी ठरवतो. मी चौथी पास. तेव्हा अडाणी ठरणं मला नवीन नाही, पण आजवर ते दुसऱ्यांनी ठरवलं आणि मी त्यांचं तोंड बंद केलं. चेंडूचं तोंड कसं बंद करणार? तरी मी येत राहिले, कारण हळूहळू, फार हळू, खाली-वर होत का होईना, रेघ पुढे सरकत होती. असं मला वाटत होतं. असं मला सांगितलं जात होतं.

क्लबाची रीत अशी की तुम्ही खेळताना बरोबरचा माणूस तुमचे फटके कार्डावर लिहितो, खाली त्याची सही आणि तुमची सही, आणि अशी बरीच कार्डं जमली की क्लब ठरवतो तुम्ही कितपत खेळता. मग स्पर्धेत तुम्हाला त्या हिशेबाने सूट मिळते. कच्च्याला जास्त, पक्क्याला कमी. न्यायाची रीत आहे, मला आवडली होती. माझी कार्डं लिहायचा माझा मुलगा. "तू खेळावर लक्ष दे, आकड्यांचं मी बघतो." मी मनात मोजायचीच, कापडाचा पन्ना बघून वार सांगणारी बाई मी, मला मोजल्याशिवाय राहवतं होय? कधी माझे त्याच्यापेक्षा एक-दोन जास्त यायचे. "नाही गं, तो हवेत गेला, हवेतला धरत नाहीत," तो म्हणायचा. किंवा, "तो चेंडू हरवला होता, तिथे वेगळा नियम आहे." नियमांचं पुस्तक त्याने वाचलेलं, इंग्रजीतलं, जाड. मी मान डोलवायची आणि खाली सही करायची. मला सही करायला वेळ लागतो, मी अक्षरन् अक्षर काढते, आणि तो पेन हातात देऊन शांतपणे उभा राहायचा. जेवताना तो सुनेला आणि नातीला सांगायचा, "आजीची सूट आणखी कमी झाली. आजी क्लबातल्या बायकांना मागे टाकणार." मी म्हणायची, पुरे, आमटी वाढ. पण कान तिकडेच.

गेल्या रविवारी बायकांची स्पर्धा झाली आणि मी शेवटची आले. नुसती शेवटची नाही, माझ्या अलीकडच्या बाईत आणि माझ्यात एक अख्खं गाव वसवता आलं असतं. माझ्याबरोबर दातांची डॉक्टरीण होती, माझं कार्ड लिहायला. पातळ ओठांची, नेहमी कुणाच्या तरी तोंडात डोकावल्यासारखी बघणारी. दुसऱ्याच भोकावर माझी काठी हवेत गेली आणि तिने एक लिहिला. मी म्हटलं, "तो धरत नाहीत." ती म्हणाली, "धरतात हो." मी म्हटलं, "बाई, मी वर्षभर खेळतेय, धरत नाहीत." ती म्हणाली, "मी बारा वर्षं खेळतेय, आजी." आजी हा शब्द तिने असा ठेवला, जशी ती तोंडात कापूस ठेवत असेल. मी सोडायला तयार नव्हते. मागच्या बायका येऊन थांबल्या, मी त्यांच्यासमोर वाद घातला, मोठ्या आवाजात, नियम सांगितला, माझ्या मुलाने पुस्तक वाचलंय म्हणून सांगितलं. त्या सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं ओशाळल्या. संपल्यावर सरबत पिताना डॉक्टरीण दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "काही लोक घरच्यांबरोबर फार छान खेळतात." घरी आल्यावर मी हे मुलाला सांगितलं. तो बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "ती खडूस आहे गं. सोड. तुझा दिवस वाईट होता." मी सोडलं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मास्तरकडे जाऊन चेंडू बडवले, अंगठा सुजला, वाटलं माझाच हात बिघडला असणार. आज आम्ही आलो होतो ते माझा हात परत जागेवर आणायला. त्यानेच सुचवलं होतं. "आपण दोघंच खेळू. तुझा आत्मविश्वास येईल."

सहाव्या भोकावर मी काही मारलं, सातव्यावर काही मारलं. तो पुढे-मागे करत होता, माझ्या चेंडूच्या आधी चेंडूपाशी पोचत होता, आणि आता मला दिसत होतं की तो नेहमीच आधी पोचतो. मला वाटायचं म्हाताऱ्या आईची पायपीट वाचवतो. मी मनातल्या मनात वर्ष उसवायला बसले. आमच्या कारखान्यात नियम होता, शिवण चुकली तर इस्त्रीने दाबायची नाही, उसवायची. कुणाला दिसणार नाही, आतल्या बाजूला आहे, असलं काही मी ऐकून घेत नसे. उसवताना दोरा ओढला की कळतं कुठे टाका नीट होता आणि कुठे घसरला. पण हे उसवायचं कसं? एकाच कपड्यावर माझा टाका आणि त्याचा टाका, एकाच रंगाचा दोरा, आलटून पालटून. पावसाळ्यानंतर एकदा मी बांधाच्या पलीकडून चेंडू झेंड्यापाशी नेला होता, तो माझा होता ना? की बांधापलीकडे तो आधीच कुणी नीट ठेवलेला होता? थंडीत सलग तीन भोकं मी असं खेळले की मला माझ्या आईची आठवण आली, तिला दाखवावंसं वाटलं. त्यातला कितवा खरा? ज्या दिवशी सूट कमी झाली म्हणून त्याने मला पांढरा हातमोजा आणून दिला, तो कशाबद्दल दिला? दोरा हातात येत होता आणि तुटत होता.

आणि ह्याला खेळ कळत नाही असंही नाही. स्वतःच्या बाबतीत हा माणूस काटेकोर आहे. पंधरा वर्षं खेळतोय, मध्यम खेळतो, फार पुढे जात नाही आणि त्याने कुढतो, पण एक फटका लपवत नाही. एकदा माझ्यादेखत त्याने काठी टेकवली तेव्हा चेंडू किंचित हलला, गव्हाच्या दाण्याएवढा. आजूबाजूला मी सोडून कुणी नव्हतं, आणि मला तर नियम ठाऊक नव्हता. त्याने कपाळाला आठी घातली आणि स्वतःच्या कार्डावर एक वाढवला. का रे, विचारलं तर म्हणाला, "हललं ना. मग झालं." त्या दिवशी मला वाटलं होतं, हा माझा मुलगा. आता चालता चालता तोच प्रसंग आठवला. म्हणजे स्वतःचा खेळ त्याला खरा वाटतो. माझा त्याला खेळसुद्धा वाटत नाही. नात लहान असताना पत्ते खेळताना आपण मुद्दाम हरायचो, आणि ती टाळ्या पिटायची, आणि आपण तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघून हसायचो. तसं. माझ्या डोक्यावरून तो आणि सून एकमेकांकडे बघून हसले होते, भाजी चिरताना.

आठव्या भोकाच्या आधी तळं आहे. तिथून पलीकडे मारायचं. आजवर मी तिथे बाजूने वळसा घालायची, तोच म्हणायचा, "आई, तू वळसा घे, धोका कशाला." आज मी सरळ उभी राहिले. "आई, पाणी आहे." "दिसतंय मला." "चेंडू जाईल." "माझा जाईल." मला काही सिद्ध करायचं होतं असं नाही. मला एवढंच पाहिजे होतं की चेंडू अशा जागेवरून जावा जिथे कुणाचा पाय पोचत नाही. काठी मागे गेली, मला मशिनींचा आवाज आल्यासारखं झालं, सगळ्या एका लयीत पडल्यावर यायचा तो, आणि काठी खाली आली, आणि हाताला काही लागलं नाही. चेंडू पाण्यावरून गेला. त्याची सावली पाण्यात त्याच्याबरोबर धावत गेली आणि काठावर चढून गवतात शिरली. पलीकडे, हिरवळीवर, पांढरा ठिपका थांबलेला दिसत होता. सगळं माझं. ह्याच्याबरोबर खेळतानाचं पहिलं असं काही, ज्याच्याबद्दल मला शंका नव्हती. छातीत काहीतरी उघडायला लागलं, त्या पहिल्या सकाळसारखं, आणि तेवढ्यात मागून तो म्हणाला, "वा, आई."

तोच वा. त्याच उंचीचा, त्याच लांबीचा, झाडीतल्या चेंडूला दिलेला, हिवाळ्यातल्या तीन भोकांना दिलेला, हवेत गेलेल्या काठीलाही दिलेला. सगळ्यांना एकाच मापाचा गणवेश. माझ्या छातीतलं जे उघडत होतं ते मिटलं. मी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा आनंदी होता, खरंच आनंदी होता, आणि ते जास्त वाईट होतं, कारण त्या चेहऱ्यावर मला काही वेगळं शोधताच येईना. आज मी पाण्यावरून मारलं तेव्हाचा चेहरा आणि पायाने ढकलून छान पडलाय म्हणाला तेव्हाचा चेहरा, एकच.

शेवटच्या भोकाशी माझा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. तो लगबगीने पुढे निघाला. "थांब," मी म्हटलं. "माझ्याबरोबर चाल."

"अगं मी बघून येतो कुठे आहे."

"वाळूत आहे. आंधळी झाले नाही मी अजून."

आम्ही बरोबर चाललो. त्याला माझ्या चालीने चालणं जमत नव्हतं, पाय पुढे पळत होते. चेंडू खड्ड्याच्या भिंतीला चिकटून, अर्धा वाळूत गाडलेला होता. असा घाणेरडा पडलेला माझा चेंडू मी आजवर पाहिला नव्हता. मी त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग खड्ड्यात उतरले. पहिल्यांदा वाळू उडाली, तोंडात गेली, चेंडू तिथेच. दुसऱ्यांदा थोडा सरकला आणि घरंगळत परत पायाशी आला. तो काठावर उभा होता, हात पाठीमागे धरून. तिसऱ्यांदा बाहेर आला. मग हिरवळीवर आणखी तीन. वाळूआधीचे दोन धरून मी मोजत होते, ओठ हलवून, त्याला दिसेल असं.

क्लबाच्या ओट्यावर, जिथे बुटाची माती झटकतात, तिथल्या कठड्यावर कार्ड ठेवून तो लिहायला लागला. मी दात घासल्यासारखी वाळू थुंकत होते.

"शेवटचे किती लिहिलेस?"

"सहा."

"माझे आठ झाले."

"वाळूतले पहिले दोन गं. चेंडू बाहेरच आला नाही, ते—"

"धरत नाहीत."

त्याने पेन कार्डावरून उचललं.

"तुझे धरतोस," मी म्हटलं. "गव्हाच्या दाण्याएवढं हललं तर धरतोस. मी झाडीत होते, पाचव्याला. चष्मा पुसत होते. कधीपासून चाललंय?"

तो आधी काय कधीपासून असं विचारणार होता, ओठ तसे झाले होते. मग त्याने पेनाचं टोपण लावलं. "सुरुवातीपासून," तो म्हणाला. "तू जेवत नव्हतीस, आई. बाबा गेल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. एक चेंडू बरा गेला की घरी येऊन दोन घास जास्त खायचीस. मी काय करायला हवं होतं?"

"पहिल्या दिवशी माझी काठी हवेत गेली होती. तू फोनवर होतास. त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं."

"ते मला माहीत नाही."

"नाहीच माहीत."

मागे दोघंजण हसत हसत बूट झटकून गेले. त्यांनी नमस्कार केला, ह्याने केला. मग तो हळू आवाजात म्हणाला, आणि त्याचा तो आवाज मी त्याच्या दहावीनंतर ऐकला नव्हता, "तू सगळं उसवायचीस. लहानपणी मी टेबलाखाली बसून पिशवी शिवली होती, तुला दाखवायला आणली, आणि तू बोलत बोलत दोरा ओढलास आणि ती माझ्या हातात चिंधी करून दिलीस. नीट कर म्हणालीस. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हातून कुणाचं काही उसवलं जाणार नाही. तुझं तर नाहीच."

"दुसऱ्यांदा तू ती सरळ शिवलीस."

"हो."

"ती माझ्याकडून शिवून घेतलीस का?"

"नाही."

"मग."

"आई, तू किती खूश असायचीस. कुणाचं काय बिघडलं?"

"त्या बायकांसमोर मी नियम सांगत उभी होते. तुझा नियम. त्या जमिनीकडे बघत होत्या. आणि तू बुटाची नाडी सोडत मला म्हणालास, ती खडूस आहे."

त्याने कार्ड माझ्याकडे सरकवलं, पेन दिलं, नेहमीसारखं, आणि शांतपणे उभा राहिला. मी सहावर काट मारली आणि आठ काढला. पाचव्या भोकासमोर पेन टेकवलं आणि तिथे काय लिहायचं ते मला कळेना, म्हणून तिथे फुली मारली. सही केली नाही. तो फुलीकडे बघत होता. त्याच्या कानाशी केस पांढरे झालेत हे मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होते, आणि माझ्या मनात आलं की आता मी गप्प बसले तर घरी जाऊन जेवू, सगळं होतं तसं होईल, तो पुढच्या रविवारी गाडी काढेल. फार सोपं होतं. इस्त्री फिरवायची, आतली बाजू आहे, कुणाला दिसतंय.

"ऐक," मी म्हटलं. "तू वाईट असतास तर मला बरं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पुढच्या रविवारपासून माझं कार्ड ती डॉक्टरीण लिहील, मी उद्या तिच्या दवाखान्यात जाऊन तिला तसं सांगणार आहे, आणि तू माझ्याबरोबर खेळायचं नाहीस. क्लबातल्या बायकांना वाटतं मी फटके चोरते. त्यांना वाटू दे. तुला वाटतं तू माझे वाईट फटके झाकलेस. वर्षभरात मी काही चांगले मारले होते रे, माझे मी, ह्या फुटलेल्या हातांनी. ते कुठले होते हे आता मला मरेपर्यंत कळायचं नाही. तू ते चोरलेस."